वाचणाऱ्यांसाठीही एक वही ठेवा
खानदेशातल्या सार्वजनिक वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सार्वजनिक वाचनालये, जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या वाचनालयात एक अभिप्राय वही असते. जाड पुठ्ठ्याची, कापडी बांधणीची, बहुधा कपाटात कुलपाखाली. पालकमंत्री आले, ग्रंथालय निरीक्षक तपासणीला आले, कुणी साहित्यिक व्याख्यानाला आले की ती बाहेर निघते. चहाचा कप उचलून तिथे वही सरकवली जाते. पाहुणे लिहितात, 'वाचनालयास भेट दिली. उपक्रम स्तुत्य आहेत. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' खाली सही, तारीख, कधी शिक्का. मग वही पुन्हा कपाटात.

म्हणजे ज्यांनी तुमच्याकडचं एकही पुस्तक उघडलेलं नाही, त्यांच्या अभिप्रायाची सोय आहे. आणि जे वर्षानुवर्षं वर्गणी भरून कपाटंच्या कपाटं वाचून काढतात, त्यांनी काय वाटलं ते कुठे लिहावं, याची सोय नाही. माझी तक्रार एवढीच आहे. पण मंडळापुढे विषय नेमका मांडला नाही तर 'सूचनेची नोंद घेण्यात आली' एवढं इतिवृत्तात लिहून तो मिटतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावी राहते आणि कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. सभासद एका वाचनालयाची असले तरी पत्र सगळ्यांना लिहितेय, कारण नातेवाइकांकडे, लग्नाकार्याला जिथे जिथे गेले तिथलं वाचनालय पाहून आले आणि चित्र थोड्याफार फरकाने सारखंच दिसलं. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पत्रातलं म्हणणं राहील बाजूला आणि हे कुणाबद्दल आहे याचीच चर्चा होईल.

वाचक मत देत नाहीत असं कृपा करून म्हणू नका. संधी मिळाली की देतात, आणि न मिळाली तर चोरून देतात. तुमच्या रहस्यकथांच्या कपाटातलं कुठलंही झिजलेलं पुस्तक काढून पाहा. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं सापडेल, 'खुनी भाचा आहे.' त्याच्या खाली दुसऱ्याच अक्षरात, 'गाढवा, सांगितलंस कशाला?' आणि त्याच्याही खाली, निळ्या शाईत, सावकाश वळणाने, 'भाचा नाही. शेवटपर्यंत वाचा.' तीन माणसं, बहुधा तीन वेगवेगळ्या वर्षांतली, एकमेकांना कधीही न भेटलेली, एका पुस्तकावर बोलताहेत. ग्रंथपाल त्याला पुस्तक खराब करणं म्हणतात, नियमाने ते खरंही आहे. पण ज्यांना लिहायला कागद दिला नाही ते समासात लिहिणारच.

दुसरी जागा म्हणजे देवघेवीचं टेबल. तिथे उभं राहून नुसतं ऐकावं. 'काय भो, हे घेऊ का?' 'घ्या, पण पहिली साठेक पानं रेटावी लागतात. मग गाडी चालते.' 'मागच्या वेळी दिलेलं?' 'ते नको पुन्हा. एकच गोष्ट चार वेळा सांगितली त्याने.' वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत असं नेमकं परीक्षण वाचायला मिळत नाही. तिथे परीक्षणकर्ता लेखकाला ओळखत असतो, किंवा ओळख व्हावी अशी त्याची इच्छा असते. टेबलाशी बोलणाऱ्याला कुणाकडून काही नको असतं. त्याचा आठवडा वाया गेला की सत्कारणी लागला, तेवढंच तो सांगतो.

हे सगळं साठतं ते देवघेव सांभाळणाऱ्या माणसाच्या डोक्यात. कुणाला काय आवडतं, कुठलं पुस्तक अर्ध्यातून परत येतं, कुठल्या कादंबरीचा दुसरा भाग कुणी मागतच नाही, हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. तो निवृत्त झाला की निरोपसमारंभात शाल-श्रीफळ देऊन आपण ती माहितीही घरी पाठवून देतो. नवा माणूस येतो आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणतो, 'बघा, काय पाहिजे ते घ्या.'

आपल्याकडच्या लोकांना मत नसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मृगाच्या आधी कुठल्याही कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर तासभर बसावं. कापसाचं कुठलं वाण कुणाच्या रानात किती उतरलं, बोंड केवढं, वेचणीला सोपं की अवघड, बोंडअळी किती लागली, काळ्या जमिनीत काय आणि मुरमाड जमिनीत काय, यावर तिथे जे बोललं जातं त्यात कुणी पाकिटावरचा मजकूर वाचून दाखवत नाही. ज्याने पेरलं तो बोलतो आणि बाकीचे ऐकतात. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण पाकिटावरच्या मजकुरावर, म्हणजे मलपृष्ठावरच्या मजकुरावर, थांबलो आहोत.

आता कुणी म्हणेल, साहित्याबद्दल मत द्यायला अभ्यास लागतो. लागत असेल. पण वाचनालयात फक्त साहित्य नसतं, आणि प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाला वेगळ्या तऱ्हेचा जाणकार लागतो. तो तुमच्या सभासदांतच असतो.

शेतीची पुस्तकं घ्या. केळीवरची पुस्तकं जळगाव जिल्ह्यात नसतील तर कुठे असतील? पण त्यातली कितीतरी कंद लावायच्या काळातली आहेत. टिश्यूकल्चरची रोपं आली, ग्रँड नैन हे वाण आलं, ठिबक घरोघर झालं, त्याबरोबर लागवडीचं अंतर, पाण्याच्या पाळ्या, खताच्या मात्रा, सगळं बदललं. पुस्तक मात्र कपाटात तसंच आहे आणि शेतीला नव्याने लागलेला एखादा पदवीधर मुलगा ते विश्वासाने घरी नेतो. अशा पुस्तकाच्या शेवटी रावेर-यावलकडच्या एखाद्या अनुभवी केळी उत्पादकाने चार ओळी लिहिल्या, की 'खोडवा धरण्याबद्दलचं प्रकरण आजही खरं, पाण्याचं प्रकरण सोडून द्या, करप्यावरची औषधं जुनी', तर ते पुस्तक पुन्हा कामाचं होतं. असं मत देणारा समीक्षक पुण्या-मुंबईत मिळणार नाही. तो तुमच्या वाचनालयात वृत्तपत्र वाचायला येतो.

पाककृतींच्या पुस्तकांचं तसंच. एका पुस्तकात मी खानदेशी भरताची कृती वाचली, त्यात वांगी गॅसवर भाजायची आणि टोमॅटो घालायचा असं होतं. लिहिणाऱ्या बाईंनी कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं, हिरव्या मिरच्या-लसूण-कांद्याच्या पातीचं, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत कधी खाल्लं नसावं. बाकी त्यांच्या लोणच्यांचं प्रकरण उत्तम आहे, मी त्यातली दोन करून पाहिली. पण भरताच्या पानावर कुणीतरी 'हे आमचं नाही' असं लिहायला नको का? आमच्या गल्लीत मांडे करणाऱ्या बायका आहेत. खापरावर मांडा टाकताना पुस्तकातल्या प्रमाणात कुठे घोटाळा आहे ते त्या एका वाचनात सांगतील. त्यांच्यातल्या निम्म्या वाचनालयाच्या पायऱ्या चढलेल्या नाहीत, कारण तिथे आपल्याला काय विचारणार, असं त्यांना वाटतं. आणि खरंच, काय विचारतो आपण त्यांना?

भयकथा हा प्रकार मंडळातले बरेच जण गंभीरपणे घेत नाहीत. खरेदीच्या यादीवर चर्चा चालू असताना 'भुताखेतांची पुस्तकं कमी करा' असं एका सदस्यांनी सुचवलेलं माझ्या कानांनी ऐकलं आहे. आमच्या जिनिंगमध्ये गाठी उचलणारा एक हमाल आहे. हंगामात दुपारच्या सुट्टीत सरकीच्या ढिगाला टेकून तो भयकथा वाचतो, दुसरं काही नाही. मी त्याला विचारलं, या लेखकाचं चांगलं की त्या? तो म्हणाला, 'ताई, भूत दिसलं की गोष्ट संपली. जो दिसू देत नाही तो खरा.' हे वाक्य मी अजून कुठल्या परीक्षणात वाचलेलं नाही. हा माणूस वहीत लिहील का, हा प्रश्न आहे. बहुधा स्वतःहून लिहिणार नाही. कुणीतरी त्याचं ऐकून लिहून घ्यावं लागेल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या मुलखाची तर ती जुनी रीत आहे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, ते टिकलं कारण साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि नातलगांनी टिपून ठेवल्या आणि त्या गेल्यावर पुढच्या वर्षी, 1952 साली, पुस्तक निघालं. तेही सहज निघालेलं नाही. सोपानदेवांनी त्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि अत्र्यांनी त्या छापायचा आग्रह धरला, तेव्हा निघालं. एका वाचकाने मोठ्याने आपलं मत सांगितलं नसतं तर ती वही घरातल्या घरात राहिली असती. आज विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे. पण त्यांच्यासारखीच एखादी बाई आज वाचनालयात आली आणि 'मला वाचता येत नाही, नातीने वाचून दाखवलं, मला हे पटलं नाही' असं म्हणाली, तर तिचं मत लिहून घ्यायला आपल्याकडे जागा नाही.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवर मात्र लोक बोलतात, आणि इतके बोलतात की पुढे ऐकायची सोय राहत नाही. तिथे गोंधळ असा की वाचक कादंबरीलाच इतिहास समजतो आणि पारावर तसं ठणकावून सांगतो. याला उपाय ज्या शहरात निघावा ते आपल्याच मुलखात आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी जमवलेले कागद ज्या गावी ठेवले आहेत आणि 1927 पासून ज्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं आहे, त्या धुळ्यात 'याला कागद काय?' हा प्रश्न परका नाही. धुळ्याच्या कुणी अभ्यासकाने एखाद्या लोकप्रिय कादंबरीला जोडून दोन पानं लिहावीत, की अमुक पत्र खरं आहे, तमुक संवाद लेखकाने रचला आहे, आणि रचला तरी बिघडत नाही कारण कादंबरी आहे. वाचणाऱ्याचा आनंद त्याने कमी होणार नाही. भांडणं थोडी कमी होतील.

कवितेबद्दल थोडक्यात सांगते, कारण कवितेच्या वाचकाला फार बोलायला लावू नये. त्याने आवडलेली एक ओळ पानाच्या क्रमांकासकट उतरवून ठेवली तरी पुरे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचीही चिंता नको. ती मुलं अभ्यासिकेत एकमेकांना कुठलं पुस्तक कितव्या आवृत्तीचं घ्यायचं ते रोज सांगतच असतात. फक्त ते कुणीतरी लिहून भिंतीवर लावलं तर खेड्यातून नवीन आलेल्या मुलाचे पैसे वाचतील.

अवघड प्रकार आहे तो स्थानिक लेखकांचा. इथे मी जरा थांबणार आहे.

आपल्याकडे पुस्तक प्रकाशन म्हणजे घरचं कार्य असतं. कवी कुणाचा तरी सर असतो, कुणाचा साडू, कुणाचा पतपेढीतला संचालक. मंचावर सात खुर्च्या, सातही वक्ते, आणि सातांपैकी पुस्तक वाचलेला एखादा. बाकीचे मनोगतातली दोन वाक्यं वाचून 'ग्रामीण जीवनाचं दाहक वास्तव' म्हणून मोकळे होतात. समोर बसलेल्या माणसाला पुस्तक आवडलेलं नसेल तर तो बोलत नाही, कारण उद्या भाचीच्या प्रवेशासाठी त्याच सरांकडे जायचं असतं. मग पुस्तक वाचनालयाला भेट मिळतं, दाखल नोंदवहीत चढतं, आणि शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी कोरी राहते. लेखकालाही कळत नाही की आपलं कुणी वाचलं की नाही. त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं, त्याच्याशी बोललं कुणीच नाही. पुढचं पुस्तक तो तसंच लिहितो.

मला विचाराल तर वाचकांच्या वहीची सगळ्यात जास्त गरज या लेखकांना आहे. आणि वहीची पहिली खरी परीक्षाही त्यांच्यावरच होईल. मंडळाच्या अध्यक्षांच्या कवितासंग्रहाबद्दल कुणी 'तिसऱ्या कवितेनंतर तेच तेच' असं लिहिलं, तर ते पान फाटेल की राहील? ते राहणार नसेल तर वही सुरूच करू नका, सध्याची पेन्सिल बरी आहे.

नुसती वही ठेवली की तिच्यात राजकारण येईल, जातपात येईल, ही भीती मला मान्य आहे. लेखकाचं आडनाव पाहून पुस्तकाला बरं-वाईट म्हणणारे तुमच्याही गावात आहेत, आमच्याही. त्यावर मला एकच नियम सुचतो. जे लिहाल त्याला पानाचा क्रमांक जोडा. 'लेखकाने अमुक समाजाची बदनामी केली आहे'. पान कितवं? 'अप्रतिम, काळजाला भिडणारं'. कुठल्या पानावर भिडलं? पान सांगायचं म्हटलं की न वाचता बोलणारे निम्मे तिथेच गळतात, आणि पुढचा वाचक ते पान उघडून स्वतः ठरवू शकतो. स्तुतीलाही हाच नियम हवा. आपल्याकडे न वाचता केलेली निंदा जेवढी आहे त्याहून न वाचता केलेली स्तुती जास्त आहे.

नाव लिहायचं की नाही, यावर आमच्या मैत्रिणींमध्ये बराच वाद झाला. माझं मत आधी असं की नाव पाहिजेच, नाहीतर ती एसटी स्टँडची भिंत होते. पण मग एकीने विचारलं, नवऱ्याला सोडून आलेल्या बाईचं आत्मचरित्र वाचून मला काय वाटलं ते मी नावानिशी लिहू? सासरे मंडळावर आहेत. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वहीत नाव ज्याच्या त्याच्या मर्जीवर ठेवा, सभासद क्रमांक फक्त ग्रंथपालांकडे वेगळा नोंदलेला असू द्या. वेळ आलीच तर कुणी लिहिलं ते कळेल. एरवी कळायची गरज नाही. आत्मचरित्रांच्या बाबतीत तर मी आग्रहच धरेन, कारण दुसऱ्याचं आयुष्य वाचून माणूस जे लिहितो ते पुष्कळदा स्वतःचंच असतं.

भाषा सुधारायच्या भानगडीत पडू नका. कुणी लिहिलं 'हाई पुस्तक वाचीसन रातभर झोप नही उनी', तर ते तसंच राहू द्या. धुळे, साक्री, शिरपूर, अमळनेरकडे अहिराणीत लिहितील, यावल-रावेरकडे लेवा बोलीत लिहितील, नंदुरबारकडे भिलोरी, पावरी, मावचीतही लिहितील. ऱ्हस्व-दीर्घ तपासत बसलात तर दुसऱ्या महिन्यात वहीत फक्त निवृत्त शिक्षक उरतील. निवृत्त शिक्षकांबद्दल मला आदर आहे, त्यांच्यामुळेच निम्मी वाचनालयं चालू आहेत. पण एकट्या त्यांच्या मतांची वही नको.

या मतांचं पुढे करायचं काय? इथे खरेदीचा विषय येतो, आणि तुम्ही अस्वस्थ व्हाल याची कल्पना आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले, अनुदान दिलं, आणि त्याबरोबर नोंदवह्या, तपासण्या, मार्चअखेर हेही दिलं. अनुदान उशिरा येतं, खर्च वेळेत दाखवावा लागतो, मग एका विक्रेत्याला फोन होतो आणि गठ्ठे येतात. शासनमान्य यादीतलं काही, सवलत जास्त असलेलं काही, आणि दरवर्षी येणारी तीच व्यक्तिमत्त्व विकासाची चकचकीत पुस्तकं. ग्रंथ निवड समितीच्या सभेत सह्या होतात. कुणा एका वाचनालयावर माझा रोख नाही, व्यवस्थाच अशी आहे की असं करणं सगळ्यात सोपं. परिणाम असा की हमालाची भयकथा फाटून तिच्यातली सोळा पानं गायब आहेत आणि यशाच्या सात-सात पायऱ्या सांगणाऱ्या पुस्तकांना शेवटपर्यंत पहिला वाचक मिळत नाही. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम लिहिले, त्यात प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, असे दोन आहेत. त्यांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला, आपण ग्रंथपाल दिन करतो आणि फोटोला हार घालतो. बाकी नियम राहू द्या, या दोनांसाठी तरी खरेदीच्या रकमेचा चौथा हिस्सा वाचकांच्या वहीवरून ठरवा. उरलेल्या तीन हिश्शांबद्दल मी या पत्रात तरी काही म्हणत नाही.

महिन्यातून एकदा वाचकांनी एकत्र बसावं, अशीही विनंती आहे. पण रविवारी संध्याकाळी नको. रविवारी संध्याकाळी येतात ते गावातलेच, नेहमीचेच. आठवडे बाजाराच्या दिवशी ठेवा, दुपारी. खेड्यापाड्यावरची माणसं त्या दिवशी तालुक्याला येतात, बाजार आटोपून परतीच्या गाडीला वेळ असतो, आणि बसायला सावली हवीच असते. पिशवी भिंतीला टेकवून ठेवतील, दहा मिनिटं बोलतील, पुस्तक बदलतील. प्रमुख पाहुणा नको, दीपप्रज्वलन नको, प्रास्ताविक तर अजिबात नको. ज्याने गेल्या महिन्यात जे वाचलं त्याने ते सांगावं. कुणाची रहस्यकथा, कुणाचं विज्ञानावरचं, कुणाचं संतचरित्र. एक अट मात्र ठेवा, शेवट सांगायचा नाही. समासात लिहिणाऱ्यांना तर ही अट मोठ्या अक्षरात दाखवा.

अमळनेरला फेब्रुवारी 2024 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, 1952 नंतर पुन्हा एकदा. त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही झालं. एका छोट्या गावात साहित्याबद्दलची दोन परस्परविरोधी मतं मांडवांसकट उभी राहिली आणि लोक दोन्हीकडे जाऊन आले, इकडची पुस्तकं घेतली, तिकडची गाणी ऐकली. खानदेशी माणसाला मतभेद पचत नाहीत असं मग कसं म्हणायचं? मांडव उतरले. विकत घेतलेली ती पुस्तकं लोकांनी वाचली, त्यांना ती कशी वाटली, हे मात्र नंतर कुणी विचारलं नाही.

तुमचे कर्मचारी हे सगळं वाचून वैतागतील, आणि त्यांचं बरोबर आहे. ज्या तुटपुंज्या पगारात ते काम करतात त्यात त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर नको. म्हणून वही वाचकांनीच सांभाळावी. देवघेवीच्या टेबलाच्या कोपऱ्यात ती उघडी राहू द्या, पेन दोरीने बांधा (मागणी नोंदवहीचं पेन जसं कायम गायब असतं तसं नको), आणि दोन-तीन सभासदांना आळीपाळीने जबाबदारी द्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची चिठ्ठी असते, तिच्या समोर एक कोरा कागद डकवा. खर्च म्हणाल तर डिंकाची एक बाटली आणि जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं. माझ्या वाचनालयात हे काम करायला आम्ही चौघी तयार आहोत, हंगाम संपल्यावर मला संध्याकाळी वेळही असतो. अनुक्रमणिका कशी ठेवायची ते मी हिशेबाच्या वह्यांवरून ठरवलं आहे. पुस्तकाच्या दाखल क्रमांकाने नोंद, म्हणजे एका पुस्तकावरची सगळी मतं एका जागी सापडतील.

तुमच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस लवकरच लागेल. विषयपत्रिकेत मागील इतिवृत्त कायम करणे, जमाखर्चास मंजुरी, अंदाजपत्रक, हिशेब तपासनीसाची नेमणूक असे विषय असतील आणि शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. वाचकांच्या वहीचा विषय तिथे टाकू नका. तोवर चहा आलेला असतो, निम्मे सभासद उठलेले असतात आणि उरलेले चपला शोधत असतात. जमाखर्चाच्या आधी घ्या. सभासदांनी विरोध केला तर तेही इतिवृत्तात लिहा, कुणी काय कारण दिलं त्यासकट.

आपली,
तापीकाठची एक सभासद वाचक